गुहागरच्या पुळणीचा उतार मोजायचाय, साधन काय न्यावं?

कऱ्हाडकर: साताऱ्याहून भूगोलाची २० मुलं घेऊन कुंभार्ली घाटातून गुहागरला जातोय. उंचीतला फरक मोजायचं लेव्हल यंत्र नाही. पुळणीचा छेद, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या चढउताराची बाजूने दिसणारी रेषा, काढता येईल का?

वाळूमाप: आरामात येईल. दीड मीटरच्या दोन सारख्या काठ्या घ्या, वरून खाली सेंटिमीटरच्या खुणा करा. दोरीने दीड मीटर अंतर ठेवून वाळूच्या टेकाडापासून पाण्याकडे सरका. जमिनीकडच्या काठीशी उभं राहून समुद्राकडच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवा. ती रेषा तुमच्या काठीवर वरून जितक्या सेंटिमीटरवर येईल तितका उतार. चढ आला तर उलट: जवळच्या काठीचं टोक क्षितिजाशी जुळवून पुढच्या काठीवर वाचा. ओल्या वाळूत काठी रुतते आणि पुढचे सगळे आकडे बिघडतात, म्हणून बुडाला फळीचा तुकडा ठोकाच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी सुरुवात करा.

कऱ्हाडकर: समुद्र वर चढतोय हे त्यातून दिसेल?

भरतीरेषा: नाही हो, मुलांना तसं सांगू नका. पावसाळ्यातल्या उंच लाटा वाळू ओढून पाण्याखालच्या दांड्यात (वाळूच्या लांबट ढिगात) नेतात, दिवाळीनंतरच्या मंद लाटा ती परत आणतात. जूनआधीचा आणि सप्टेंबरचा छेद म्हणूनच वेगळा येतो. जगाची सरासरी समुद्रपातळी १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे २० सेंटिमीटर वाढली. एका मोसमात पुळण त्याहून जास्त खालीवर होते. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच पक्क्या खुणेपासून मोजा.