मदत हवी आहे: बाबांची १५ वर्षांची मोटारसायकल पासिंगला नापास झाली, कुठून सुरुवात करू?

करवंद

नमस्कार मंडळी,

बाबांनी जून २०१० मध्ये शंभर सीसीची साधी मोटारसायकल घेतली. यंदा जूनमध्ये आरसीची १५ वर्षं संपली आणि आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. गणपतीला घरी गेले होते, विम्याचा कागद शोधताना तारीख दिसली आणि धस्स झालं. तीन महिने बाबा मुदत संपलेल्या गाडीवर फिरत होते.

गाव कोकणात, खाडीच्या तोंडाशी. समुद्र घरापासून दीड किलोमीटर. बाबा ६८ वर्षांचे आहेत. एसटी दिवसातून दोन वेळा येते, त्यामुळे बाजार, बँक, आईचा दवाखाना, सगळं या गाडीवर. इंजिनाने आजवर एकदाही दगा दिला नाही. पावसाळ्यातसुद्धा दुसऱ्या किकला चालू होते. म्हणून मला वाटलं होतं, नेली की पास होईल.

झालं उलटं. नवीन नंबर प्लेट आधीच बसवून घेतली होती, पीयूसी होतं, विमा होता. तपासणी करणाऱ्या साहेबांनी इंजिनाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी जे सांगितलं ते असं: हेडलाइट मंद आहे आणि वर बघतोय, मागचा ब्रेक दाबला की लाल दिवा लागत नाही, मागचा ब्रेक धरतच नाही, हॉर्न वाजत नाही, साडी गार्ड नाही, आणि चेसिस नंबर गंजाने वाचता येत नाही. शेवटच्या मुद्द्यावर ते सगळ्यात जास्त थांबले. दोनदा ओल्या फडक्याने पुसून बघितलं, पेन्सिलने छाप घेऊन बघितला, कागदावर नुसता काळा पट्टा उमटला.

बाहेर आल्यावर एक जण म्हणाला, गाडी आणायचीही गरज नाही, पैसे द्या, पास करून देतो. मी नाही म्हटलं. बाबा तिन्हीसांजेला घाटी उतरून घरी येतात, त्या वळणावर वाळूचे डंपर असतात. मला नुसता कागद नको आहे. डंपरवाल्याला बाबा दिसले पाहिजेत आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबली पाहिजे.

हेडलाइटचं मला अजिबात कळत नाही. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या, तरी दिवा तसाच. रात्री समोरच्या चिऱ्याच्या गडग्यावर उजेड पाडून बघितला. पिवळट डाग पडतो. रेस वाढवली की उजळतो, सोडली की पणतीसारखा होतो. गावातला मिस्त्री म्हणतो तिसरी बॅटरी टाका.

चेसिस नंबरचं काय करायचं? आणि चुलतभाऊ म्हणतो की १५ वर्षं झाली म्हणजे भंगारातच जाणार, कशाला खर्च करतेस. हे खरं आहे का? दुरुस्तीचा अंदाज साडेसहा हजार सांगितलाय.

---

दहाबाराचा_पाना

ताई, आधी तिसरी बॅटरी घेऊ नका. पैसे वाया जातील.

त्या काळातल्या शंभर सीसीच्या गाड्यांत हेडलाइटचा बॅटरीशी संबंध नसायचा. दिवा थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो. इंजिन जोरात फिरलं की करंट जास्त, हळू फिरलं की कमी. रेसबरोबर उजेड वरखाली होतो म्हणता, ते याच्यामुळेच. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा लाल दिवा मात्र बॅटरीवर. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मिस्त्री दोन्हींवर एकच औषध देतोय.

थोडं वरखाली होणार, ते चालतं. पण पणतीसारखा होत असेल तर वाटेत करंट गळतोय. २८ वर्षं गॅरेज आहे माझं, त्यातली बरीच किनाऱ्यावर गेली. दहातल्या आठ गाड्यांत दोष अर्थच्या वायरीत निघतो. हेडलाइटचा डोम उघडा. आत वायरींचा गुंता दिसेल, त्यातली हिरवी वायर बॉडीला जिथे स्क्रूने आवळलेली असते तिथे हिरवट-पांढरी पूड साचलेली असेल. स्क्रू काढा, वायरीची रिंग आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, परत आवळा, वरून थोडं ग्रीस. मग बल्बचा होल्डर बघा, आतल्या पितळी पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर होल्डरच बदला. बल्ब १२ व्होल्ट ३५/३५ वॅटचाच हवा. जास्त वॅटचा टाकला तर कॉइलला तो झेपत नाही, उजेड आणखी कमी पडतो आणि होल्डर वितळतो. एवढं करूनही फरक नाही पडला तर आरशाचा रंग बघा. डोममधला चंदेरी मुलामा उडून राखाडी झाला असेल तर कुठलाही बल्ब उपयोगाचा नाही, पूर्ण डोम बदला.

वर बघतोय म्हणजे डोमचा बोल्ट सैल आहे. गाडी सपाट जागी भिंतीसमोर पाच मीटरवर उभी करा, बाबांना वर बसवा. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा. डिपरला उजेडाचा भरणा रेघेच्या खाली पडला पाहिजे. मग बोल्ट आवळा.

मागच्या ब्रेकचं विचारतो. पायाने पूर्ण दाबल्यावर ड्रमच्या पॅनेलवरचा बाण कुठवर जातो ते बघून सांगा.

---

खारा_वारा

माझं घर समुद्रकिनाऱ्यावरच आहे, त्यामुळे चेसिस नंबरचा अनुभव आहे. घाई करू नका आणि कुणाच्याही हातात कानस, ग्राइंडर देऊ नका. घासला की आकड्यांच्या कडा जातात. मग नंबर खोडल्याचा संशय येतो आणि साधं प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं.

हँडलखालच्या नळीवर जिथे नंबर आहे तिथे रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून रात्रभर ठेवा. सकाळी पितळी तारांचा मऊ ब्रश, नाहीतर जुना टूथब्रश, एकाच दिशेने हळू फिरवा. पुसा, परत भिजवा. मला तीन रात्री लागल्या. शेवटी पांढरा खडू आडवा फिरवला आणि बोटाने पुसला, तेव्हा खडू खाचेत राहिला आणि आकडे उठून दिसले. छाप घेण्याआधी खडू धुवा, पातळ कागद घट्ट धरा, पेन्सिल आडवी धरून घासा. झाल्यावर त्या जागी ग्रीसचा पातळ हात द्या, रंग नको.

तरी एखादा आकडा नाहीच आला तर आरटीओत लेखी अर्ज करायचा. स्वतः पंच मारून घ्यायचा नाही. इंजिन नंबर स्वच्छ करून ठेवा, मूळ बिल असेल तर सोबत न्या. गाडी तीच आहे हे पटवायला ते कामी येतं.

---

कागदपत्री

चुलतभावाचा गैरसमज आहे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तपासणीत गाडी ठीक ठरली तर पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. मोटार वाहन कायद्याच्या ४१ व्या कलमात ते आहे. १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांचं जे ऐकायला येतं ते दिल्ली आणि आसपासच्या भागातलं, आपल्याकडचं नाही.

अर्ज नमुना २५ मध्ये, ऑनलाइन. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, हे बाकीच्यांनीही लक्षात ठेवा. नूतनीकरणाचे १००० रुपये, उशिराचे महिन्याला ३००, आणि महाराष्ट्रात दुचाकीचा पाच वर्षांचा पर्यावरण कर वेगळा. नंबर प्लेटचे ४५० अधिक जीएसटी तुम्ही दिलेलेच आहेत.

पण करवंद, एक गोष्ट तळमळीने सांगतो. नूतनीकरण होईपर्यंत बाबांना गाडी चालवू देऊ नका. आरसी संपलेल्या गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी दावा अडवू शकते, आणि समोरच्या माणसाची भरपाई घरावर येऊ शकते. तपासणीला टेम्पोत घालून न्या.

साडी गार्डलाही किरकोळ समजू नका. मागे माणूस बसवायचा तर हाताला धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम सांगतो. तुमच्या आई मागे बसत असतील ना?

---

करवंद

आई साडीच नेसते आणि मागे एका बाजूला बसते. गार्ड गंजून लोंबायला लागला म्हणून बाबांनी तीन वर्षांपूर्वी कापून टाकला होता. हे वाचल्यावर मी तिला विचारलं, तर म्हणाली, पदर दोनदा चाकात जाता जाता राहिला, तुला सांगितलं नाही. आजच गार्ड मागवला.

गाडी कालपासून पडवीत उभी आहे. बाबा नाराज आहेत, पण ऐकलं त्यांनी.

पाना दादा, बाण बघितला. पूर्ण दाबल्यावर खुणेच्या पलीकडे जातो. आणि पाय काढल्यावर पेडल लगेच वर येत नाही, सावकाश येतं.

---

दहाबाराचा_पाना

खुणेच्या पलीकडे गेला म्हणजे लायनर (ब्रेकचं अस्तर) संपले. पेडल सावकाश येतं म्हणजे लायनर ड्रमवर दाबणारा कॅमही गंजून जड झालाय. नुसते लायनर टाकून चालणार नाही, बरेच मिस्त्री इथेच चुकतात. पॅनेल बाहेर काढायचं, कॅम ठोकून काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, पातळ ग्रीस लावून परत बसवायचा. ग्रीसचा थेंबही लायनरला लागता कामा नये. ड्रममधली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका, हवाही मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं.

लाल दिव्याचा स्विच उजव्या बाजूला पेडलच्या वर असतो, स्प्रिंगने ओढला जातो. किनाऱ्यावर ती स्प्रिंग हमखास तुटते. स्वस्तातली वस्तू आहे, पण मागून येणाऱ्याला बाबा थांबताहेत हे तीच सांगते. पुढच्या ब्रेकलाही स्विच आहे का ते बघा, असेल तर तोही तपासा. हॉर्नला बॅटरीची वायर थेट लावून बघा. वाजला तर हॉर्न चांगला, दोष बटणात किंवा वायरीत.

आता साहेबांनी न सांगितलेलं सांगतो. गाडी मधल्या स्टँडवर घ्या. पुढचं चाक उचलून हँडल दोन बोटांनी हळू फिरवा. मध्यावर खट्ट करून अडकलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेला. मागचं चाक दोन्ही हातांनी डावीकडे-उजवीकडे हलवा, खडखडलं तर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे) बुश किंवा चाकाचं बेअरिंग. सायलेन्सरच्या पोटाखाली हात फिरवा (गाडी थंड असताना). तिथे भोक असेल तर बाहेरची हवा शिरते आणि पीयूसीचा आकडा खोटा चांगला येतो.

---

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये मोटारसायकल तीन वर्षांची झाली की दर वर्षी तपासणीला न्यावी लागते. एमओटी म्हणतात तिला, फी जास्तीत जास्त २९.६५ पौंड. इथेही गाड्या सगळ्यात जास्त अडतात त्या दिव्यांवर. ब्रेक आणि टायरवरही बऱ्याच अडतात. टायरची खाच एक मिलिमीटरपेक्षा कमी झाली की नापास.

तुम्हाला उपयोगी पडेल अशी एक पद्धत सांगतो. तपासणारा पास करतानाही 'यावर लक्ष ठेवा' अशी यादी लिहून देतो: चेन ताणली गेलीय, पुढचा टायर संपत आलाय, असं. मी भारतात असताना वडिलांच्या गाडीसाठी असं काही कधी केलं नाही याचं आता वाईट वाटतं. तुमच्या मिस्त्रीकडून दर दिवाळीला अशी यादी वहीत लिहून घ्या.

---

करवंद

सगळ्यांना सांगायला आले. गेल्या आठवड्यात चार दिवस रजा काढून गावी गेले होते.

डोम मी स्वतः उघडला, बाबा टॉर्च धरून उभे होते. पाना दादांनी लिहिलं होतं तसाच अर्थचा स्क्रू निघाला, नखाने खरवडला तर हिरवी पूड हातात आली. साफ करून आवळला, होल्डर बदलला. रात्री परत गडग्यावर उजेड पाडला. चिऱ्यांमधले सांधे मोजता येत होते. बाबा काही बोलले नाहीत, नुसते दोनदा डिपर मारून बघत राहिले. बॅटऱ्यांचे पैसे आठवले असावेत.

मागचा कॅम काढायला मिस्त्रीला पाऊण तास लागला. तोही आता म्हणतो की इथल्या प्रत्येक गाडीचा पावसाळ्यानंतर काढून बघायला हवा. कोनसेट चांगला होता. चिमट्याचे बुश गेले होते, तो खर्च अंदाजात नव्हता. सायलेन्सरला करंगळी जाईल एवढं भोक निघालं, तो बदलला, आणि पीयूसी नव्याने काढलं. एकूण खर्च आठ हजार दोनशे झाला.

चेसिस नंबर दोन रात्रींत वर आला. शेवटून तिसरा आकडा ३ आहे की ८ एवढंच कळत नव्हतं. खडू फिरवल्यावर डावी बाजूही बंद दिसली, ८ आहे, आरसीशी जुळतो. छाप तीन कागदांवर घेऊन ठेवले आहेत.

मंगळवारी टेम्पोने परत नेतोय. खारा_वारा, एक राहिलं: ग्रीसचा हात छापाच्या आधी रॉकेलने पुसून न्यायचा, की तिथे साहेबांसमोर पुसायचा?

---

खारा_वारा

तिथे, त्यांच्यासमोर. फडकं आणि रॉकेलची छोटी बाटली सोबत ठेवा.