जुनी तिन्यानेल्लो: थोडी घाई टाळा

जपून ठेवलेली तिन्यानेल्लो, ही इटलीतल्या तोस्काना भागातली लाल वाइन, ‘फिकट आणि गढूळ’ निघाली म्हणून तुम्ही निराश झालात, पण मला वाटतं ती बिघडलेली नव्हती. वय वाढतं तसा लाल वाइनचा रंग कडेने विटकरी होत जातो. टॅनिन (तुरटपणा आणणारी द्रव्यं) आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, तो गाळ. म्हणून तर तुरटपणा मवाळ होतो! बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा आणि अगदी हळू ओता. आपल्याकडच्या तीस अंशांत मात्र नको, सोळा-अठरा अंशांवर प्या.

या वाइनबद्दल मला फार आदर आहे. आंतिनोरी या वाइन बनवणाऱ्या घराण्याने 1971 चं पीक छोट्या ओक पिंपांत मुरवलं, पुढे सांजोवेझे या तिथल्या लाल द्राक्षाला काबेर्ने सोव्हिन्यॉं या फ्रेंच द्राक्षाची जोड दिली आणि त्या काळी कियान्ती या तिथल्या प्रसिद्ध वाइनमध्ये सक्तीची असलेली पांढरी द्राक्षं वगळली. कियान्तीच्या नियमांबाहेर गेल्याने लेबलवर नुसतं ‘टेबल वाइन’, म्हणजे साधी वाइन, असं लिहावं लागलं.

सांजोवेझेचा आंबटपणा हाच तिचा कणा. वीस वर्षांनंतरही तो जिभेला जागं ठेवतो, मागून सुकलेली चेरी, चामडं, तंबाखूचं पान असे वास येत राहतात. पुढची बाटली उघडाल तेव्हा पेल्यात अर्धा तास तरी राहू द्या.