हारतुरे कमी, प्रश्न जास्त

कुणीतरी लिहिलंय की ऑक्सफर्ड युनियन ही इंग्लंडमधली वादविवाद संस्था १८२३ पासून विद्यार्थीच चालवतात, आपल्याकडे मात्र जगाचं राजकारण ऐकायला पोरं येतच नाहीत. पहिलं खरं, दुसरं मला पटत नाही.

२०२४ च्या सुरुवातीला आम्ही सांगलीत कॉलेजच्या अभ्यास मंडळातर्फे तांबड्या समुद्रावर व्याख्यान ठेवलं. विषय ऐकून सरच हसले. पण येमेनमधल्या हुथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालत होती, युरोपला निघालेली द्राक्षं जास्त दिवस समुद्रात अडकत होती. द्राक्षबागांच्या तासगावची पोरं पहिल्या रांगेत! एकानं थेट विचारलं, "कंटेनरचं वाढीव भाडं शेवटी कुणाच्या दरातून कापणार?" वक्ते पाणी प्यायले आणि नकाशाकडे वळले.

खरी अडचण परवानगीची. पत्रकावरचं 'राजकारण' खोडून 'घडामोडी' करावं लागलं. त्यात दीड तासातला अर्धा तास शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि अध्यक्षांचे दोन शब्द यांत गेला. (ते दोन कधीच नसतात.) पुढच्या वेळी प्रश्न चिठ्ठ्यांवर आधीच गोळा केले आणि वक्त्यांना तिथूनच सुरुवात करायला सांगितलं.