मोलॅसिस : काकवी की मळी?

प्रश्न : कॅरिबियन बेटांवरच्या साखरेचा इतिहास मराठीत आणतोय. 'मोलॅसिस' पानोपानी येतं. 'काकवी' चालेल?

उत्तर : नाही चालणार. काकवी म्हणजे उसाचा रस आटवून गूळ व्हायच्या थोडं आधी उतरवलेला पाक. साखर त्यातच असते. मोलॅसिस म्हणजे दाणा वेगळा झाल्यावर उरतं ते, म्हणजे मळी. 17व्या शतकात बार्बाडोसला दाणा धरू लागलेला पाक बुडाशी भोक असलेल्या निमुळत्या मातीच्या कुंड्यांत ओतत. थंड झाल्यावर बोळा काढला की मळी निथळू लागे, ती कित्येक दिवस. साखर पांढरी हवी असेल तर वर ओल्या चिकणमातीचा थर देत. त्यातलं पाणी झिरपताना दाण्यांवरची मळी धुऊन नेई. पाणी जास्त झालं की साखरही विरघळून जायची.

दुरुस्ती नव्हे, सावधगिरी : उकळत्या रसात चुना टाकल्यावर वर येणारी घाण झाऱ्याने काढतात, तीही मळीच. कारखान्यातला प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, तोही शेतकऱ्याच्या तोंडी मळी. आणि रमसाठी निथळलेली मळी व कढईवरची घाण दोन्ही आंबवत! तेव्हा दुसरीला 'कढईवरची मळी' म्हणा, नाहीतर वाचक गोंधळेल.

पुरवणी : मोलॅसिसचं मूळ पोर्तुगीज 'मेलासो', त्यामागे लॅटिन 'मेल' म्हणजे मध. त्यांना मध दिसला, आपल्याला मळ. हिशेबात मात्र तो मळ नव्हताच. 1733 साली ब्रिटिश संसदेने परक्या वसाहतींतून उत्तर अमेरिकेत येणाऱ्या मळीवर गॅलनमागे 6 पेन्स जकात लावली, ती काही घाणीवर नव्हे.

प्रश्न : मग 'बॉयलिंग हाउस'ला, म्हणजे रस आटवायच्या इमारतीला, गुऱ्हाळ?

उत्तर : मला खटकतं. गुऱ्हाळ म्हटलं की रस प्यायला जमलेली माणसं आठवतात. तिथे गुलाम केलेले आफ्रिकी लोक पाळीपाळीने रात्रभर राबत. कारण साधं : तोडलेला ऊस दिवस-दोन दिवसांत गाळला नाही तर साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं, त्याचा दाणा धरत नाही, मळीच वाढते. म्हणून चरक थांबवत नसत. झोपेत हात रुळांत गेला तर तोडायला शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे. मी 'कढाईघर' लिहीन, आणि चरक-कढाईघर मिळून सगळ्याला 'कारखाना'. वाफेचं इंजिन यायच्या शंभरेक वर्षं आधीचा असला, तरीही.