डॅम्पर राहू द्या, आधी ट्रॅक बार बघा

पुढे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल, दोन इंच लिफ्ट (उंच केलेलं सस्पेन्शन), खड्डा लागला की स्टीअरिंगचं थैमान आणि नवा स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे धक्के शोषणारा दांडा) टाकूनही फरक नाही, असं तुम्ही म्हणताय. फरक पडणार नाहीच. डॅम्पर थरथर दाबतो, ढिलाई तशीच राहते.

गाडी चाकांवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू. एकाने स्टीअरिंग भराभर थोडंसं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खालून बघायचं. ट्रॅक बारच्या (अ‍ॅक्सलला आडवं सरकू न देणारा, चासीला जोडलेला दांडा) दोन्ही टोकांना बोट टेकवा. डोळ्यांना न दिसणारा खेळ (सांध्यातली ढिलाई) बोटाला कळतो. बोल्ट ब्रॅकेटमध्ये सरकत असेल तर भोक लांबट झालंय. मग कितीही आवळा, पुन्हा ढिलं होणार. ब्रॅकेट दुरुस्त करा किंवा बदला. नवीन बुश (टोकातलं रबराचं अस्तर) टाकलं तर शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असतानाच, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मग अ‍ॅक्सल उचलून स्टँडवर घ्या. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा: खेळ असेल तर बॉल जॉइंट (चाक ज्यावर वळतं तो गोल सांधा) किंवा बेअरिंग. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग. ३ आणि ९ वरच हललं तर टाय रॉडची (चाकं वळवणाऱ्या दांड्याची) टोकं.

टायरचं बॅलन्सिंग अर्थातच तपासा. लिफ्टमुळे कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी झालेला असतो, पण अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) सगळ्यात शेवटी. ढिल्या सांध्यांवर घेतलेली मापं टिकत नाहीत.