सेशन वाजवता वाजवता स्वतःचा गिटार अल्बम: परवानगी, रॉयल्टी आणि टोचणारा गंधार

सहावी_तार
सिनेमा, मालिका, जिंगल अशी सेशन्स (स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांवर वाजवणं) चालू आहेत. आता सहा ट्रॅकचा स्वतःचा इन्स्ट्रुमेंटल अल्बम करायचा आहे. चार रचना स्वतःच्या, दोन जुन्या चाली: एक वसंत देसाईंची, एक ‘मानापमान’मधलं पद. सामान म्हणजे स्ट्रॅट (इलेक्ट्रिक गिटार), एक अकूस्टिक, दोन चॅनलचा इंटरफेस (गिटार-माइक संगणकाला जोडणारा डबा) आणि एक छोटा कंडेन्सर माइक. जुन्या चालींची परवानगी कुणाकडून घ्यायची? सेशनमध्ये वाजवलेल्याची रॉयल्टी मिळते का? आणि तानपुऱ्यावर स्ट्रॅटचा शुद्ध गंधार टोचतो, पिकअप (तारेचा कंप टिपणारं चुंबक) बदलू का?

कलम_आणि_कॉर्ड
दोन्ही चालींचा हिशेब वेगळा आहे. आपल्याकडे संगीतकार गेल्यानंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं हक्क चालतो. गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, त्यामुळे ‘मानापमान’च्या त्यांच्या चाली २०१६ पासून मोकळ्या. वसंत देसाई १९७५ चे, म्हणजे २०३५ अखेरपर्यंत परवाना लागणारच. हक्क ज्या कंपनीकडे किंवा पब्लिशरकडे असेल त्यांच्याकडून तो लेखी घ्या, आणि रेकॉर्डिंगच्या आधी घ्या. ट्रॅक तयार झाल्यावर गेलात तर घासाघीस करायला हातात काही उरत नाही. कायद्यात कव्हरसाठी, म्हणजे जुनं गाणं नव्याने रेकॉर्ड करण्यासाठी, कलम ३१सी आहे, पण त्यात वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची असते. छोट्या अल्बमला ते परवडत नाही.

टेंब्यांची चाल मोकळी असली तरी एखाद्या रेकॉर्डवरून उचललेला ऑर्गनचा तुकडा किंवा अलीकडच्या कुणाची अरेंजमेंट मोकळी नसते.

आता रॉयल्टी. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ३८ए आलं आणि व्यावसायिक वापरावर कलाकाराचा रॉयल्टीचा हक्क लिहिला गेला, त्यात वादकही आले. पण ‘परफॉर्मर’च्या व्याख्येतच पाचर मारून ठेवली आहे: सिनेमात ज्याचं काम प्रासंगिक आहे आणि रिवाजाने ज्याचं नाव कुठेच येत नाही, तो एक नैतिक हक्क वगळता परफॉर्मर धरला जात नाही. क्रेडिटसाठी भांडायचं ते यासाठी. सेशनच्या दिवशीच व्हाउचरवर गाण्याचं नाव, तारीख, वाद्य लिहून घ्या आणि नाव कुठे छापणार हे मेलवर मागून ठेवा. रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्था दोन: वादक म्हणून इसामरा, रचनाकार म्हणून आयपीआरएस. एकाचं सदस्यत्व घेतलं म्हणून दुसरीकडचे पैसे येत नाहीत.

हाच कायदा उलट बाजूनेही लागतो. तुमच्या अल्बमवर जो तबला वाजवेल त्याच्याशीही एक पानी करार करा.

मींडवाला
पिकअपला हात लावू नका, दोष तिथे नाही. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो षड्जापासून ३८६ सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग); गिटारचा फ्रेट, म्हणजे गळ्यावरची धातूची पट्टी, ४०० वर बसवलेला. ते १४ सेंट टोचतात. तार ताणून सूर फक्त चढतो, उतरत नाही, म्हणून गंधाराच्या फ्रेटवर बोट ठेवलं की काम बिघडलंच. षड्ज डी धरला तर दुसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा एफ शार्प दाबू नका. पाचव्या फ्रेटचा ई म्हणजे रिषभ धरा, तिथून ताणत आणा आणि गंधाराच्या किंचित अलीकडे थांबा. उतरती मींड हवी असेल तर तार आधी मुक्यानेच ताणायची, मग छेडायची, मग सोडायची.

व्हॅन शिपली किंवा सुनील गांगुलींच्या रेकॉर्डी ऐकून मींड उचलत असाल तर ती हवाइयन गिटार आहे हे ध्यानात ठेवा. तारेवर पोलादी दांडी सरकते, फ्रेट आड येतच नाही. तेवढी लांब मींड स्ट्रॅटवर एका ताणात काढायला गेलात तर सूर कापतो. मध्ये एक टप्पा घ्या.

सहावी_तार
पटलं. पण बाराव्या फ्रेटच्या पुढे ताणलं की सूर मध्येच मरतो. तारा ०.०१० च्या सेटच्या (सर्वांत पातळ तार ०.०१० इंच).

मींडवाला
नेक ७.२५ इंच रेडियसचा असणार. त्याची गोलाई जास्त, त्यामुळे पातळ तार ताणताना मधल्या फ्रेटवर टेकते आणि गप्प होते. पहिल्या दोन तारांचे सॅडल (ब्रिजवरचे तारेचे आधार) उचलून बाराव्या फ्रेटवर १.८ ते २ मिमी उंची ठेवा, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर जुळावा म्हणून तारेची लांबी) पुन्हा लावा. सेट ०.००९ चा केलात तर ताण हलका होईल, पण तार टेकणं थांबणार नाही.

फेडर_खाली
रेकॉर्डिंगचं थोडं. सेशनमध्ये गायकाला जागा द्यायची म्हणून आपण गिटारचं १२० हर्ट्झखालचं सगळं कापतो आणि २०० ते ४०० मधलंही खरवडतो. स्वतःच्या अल्बमवर तीच सवय नेली तर गिटार कागदासारखी वाजते. इथे गायक तीच आहे, अंग राहू द्या. अकूस्टिकला माइक बाराव्या फ्रेटकडे रोखून २० ते २५ सेमीवर. भोकासमोर धरलात तर १०० ते २०० हर्ट्झमध्ये घुमेल. स्ट्रॅट थेट लावताना इंटरफेसवर ‘इन्स्ट’चं (इन्स्ट्रुमेंट) बटण दाबलंय ना बघा, नाहीतर वरचा सगळा तजेला जातो. ५० हर्ट्झची गुणगुण आली की ती सॉफ्टवेअरने पुसत बसण्याआधी खुर्ची फिरवा. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइल पिकअपला ट्रान्सफॉर्मर आणि डिमरकडे तोंड करून बसलेलं चालत नाही. रेकॉर्डिंगची पीक पातळी −१२ डीबीच्या आसपास, २४ बिट.

आणि विकत घेतलेल्या लूप्सवर (तालाचे तयार तुकडे) ताल बांधू नका. तोच लूप हजार जणांकडे असतो, त्यामुळे यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (इतरांच्या व्हिडिओत तुमचं संगीत ओळखणारी यंत्रणा) असा ट्रॅक नोंदवता येत नाही. नोंदवलाच तर दुसऱ्याच्या व्हिडिओवर तुमच्या नावाने खोटे दावे जातात आणि वितरक तुमचा ट्रॅक काढून टाकतो. त्या पदाला तरी खराखुरा तबला घ्या. आधी त्याचा ठेका क्लिकशिवाय (मेट्रोनोमशिवाय) घ्या, मग त्यावरून टेम्पो मॅप (लय कुठे किती आहे याचा नकाशा) काढा.