रोमची लढाई आणि रविवारचा सत्यनारायण

मंदारदादा: चिंटू, सिव्हिलायझेशन सिक्स या कॉम्प्युटर गेमची आपली फाईल काल तू उघडलीस? चारही तलवारवाले गेलेत. तिघांचा गेम आहे, विचारायचं तरी.

चिंटू: दादा, तू शनिवारपासून हात लावला नव्हतास. रोमशी युद्ध कुणीतरी पुकारायला हवंच होतं ना

मंदारदादा: सैन्य सीमेवर नेऊन पुकारायचं रे! मुलूखवाढीचं युद्ध पुकारलं की आपल्या चंद्रगुप्ताच्या सैन्याला पहिले १० टर्न (डाव) ताकद +५, चाल +२. त्यातले ७ टर्न तू जंगल तुडवण्यात घालवलेस.

सोनूताई: आधी रोमचं सैन्य आपल्या हद्दीत मारायचं. शहर नंतर. दिवाळीतही हेच सांगत होते.

चिंटू: रॅम, तो तट फोडायचा ओंडका, नेला होता मी. तरी तट पडेना

मंदारदादा: रॅम घोडेस्वारांना जोडलास. त्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही, तो पायदळाचा. तटाचे १०० पॉइंट तसेच, त्यामागे शहराचे २००. तिरंदाज तटाला नुसते खरवडतात.

नानाकाका: १७६१ ला पानिपतावर रसद तुटली तिथेच घात झाला. रसद बघा.

छोटी आत्या: नाना, दर वेळी पानिपत! रविवारी सत्यनारायणाला किती पानं धरू? चौथ्यांदा विचारतेय.

मंदारदादा: आम्ही तिघं आत्या 🙏

सोनूताई: नानाकाकांचा मुद्दा खरा आहे. वेढा नसेल तर शहर दर टर्नला भरून येतं. शहराच्या समोरासमोर दोन युनिट (सैन्याच्या तुकड्या) ठेवली की शहराभोवतालची सहाही घरं अडतात. मधे नदी असली तर तिसरं लागतं. आणि आधी त्याचं सैन्य आपल्या हद्दीत. शहर नंतर.

चिंटू: ताई कळलं गं. तू डीटीवर, म्हणजे सगळ्यात अवघड लेव्हलवर, जिंकलीस का कधी?

सोनूताई: नाही जिंकले. तिथे कॉम्प्युटरला सुरुवातीलाच ३ सेटलर (नवीन शहर वसवणारे) आणि लढाईत +४ मिळतात. म्हणूनच सांगतेय. तो फळी धरून येत नाही, एकेक युनिट पुढे ढकलतो. टेकडीवर तिरंदाज बसव, पुढे नदी ठेव आणि येऊ दे त्याला.

मंदारदादा: चंद्रगुप्त घेऊन बसून राहायचं? मग ते १० टर्न कशाला?

सोनूताई: पहिले ३-४ मारण्यात, उरलेले शहरावर. मागच्या वेळी माझं ऐकलं नाहीस तेव्हा काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

मंदारदादा: तो विषय इथे नको.

छोटी आत्या: भांडू नका रे. सोनू, तू येणार की नाही?

सोनूताई: येते आत्या. प्रसादाचा शिरा मी करते.

चिंटू: ऑटोसेव्हवरून मागे गेलोय. अजून युद्ध पुकारलेलं नाही. सैन्य सीमेवर आणलं, तीन तिरंदाज टेकडीवर. पुकारू?

मंदारदादा: पुकार.

चिंटू: रोमच्या दोन लीजन तुकड्या नदी उतरताना मेल्या!! तिसरी अर्धी झालीय

सोनूताई: पुढे धावू नकोस. तिसरी मरू दे.

चिंटू: मेली. आता रॅम?

मंदारदादा: तलवारवाल्याच्याच घरात ठेव. घोड्याच्या नाही.